पिकांच्या मुळांशी नांदणारी बुरशी

सोलापूरहून येणारा महामार्ग पाटणचेरूवरून हैदराबाद शहरात शिरतो आणि दिलसुखनगर ओलांडून विजयवाड्याकडे जातो. या मार्गावरील पाटणचेरू येथे १९७२ साली ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी बाजरीच्या निरनिराळ्या वाणांची मुळे तपासली असता त्यांत एका उपकारक बुरशीची वस्ती कमी-अधिक आढळली. बुरशीला थारा किती मिळावा हे वाणावरही अवलंबून असते, असे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसून आले.

बुरशी म्हटली की शेतकऱ्यास तांबेरा, करपा, मर हे रोगच आठवतात. मुळांशी जडणारे हे सहजीवन, म्हणजे मायकोरायझा, त्याहून अगदी वेगळे आहे. जमिनीतील स्फुरद सहसा जागचे हलत नाही; चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर ते चुन्याशी बद्ध होते. मुळीलगतचा साठा संपला की मुळी उपाशी राहते. बुरशीचे केसाहून बारीक तंतू कित्येक सेंटिमीटर दूर पसरून तिला स्फुरद आणून देतात. मोबदल्यात पीक त्यांना पानांत तयार झालेले अन्न देते. जो तंतू अधिक स्फुरद पुरवितो त्याला मुळी अधिक शर्करा देते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. मजुरीचा इतका चोख हिशेब ठेवणारा धनी विरळाच!

स्फुरदाची उणीव भासली की मुळे एक द्रव्य पाझरतात. हे बुरशीला दिलेले निमंत्रण होय, असे जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखविले. ज्वारीच्या शेतात मात्र याच निमंत्रणाने टारफुल्याचे बीही जागे होते आणि तो ज्वारीच्या मुळांवर पोसला जातो.

जमिनीत स्फुरद विपुल असेल तर पीक निमंत्रण आवरते व बुरशीची वस्ती घटते. म्हणून माती परीक्षण न करता सुपर फॉस्फेट टाकणाऱ्याचे पैसे तर जातातच, शिवाय फुकटचा मजूरही दुरावतो. अशा जमिनीत बुरशीचे खत विकत घेऊन घालण्यातही फारसा अर्थ नाही.

ही बुरशी जिवंत मुळाखेरीज वाढत नाही. शेत दीर्घकाळ मोकळे पडले तर ती क्षीण होते. मोहरी, कोबी व पालक तिला जवळजवळ थारा देत नाहीत. त्यांच्यानंतर ज्वारी, बाजरी, मका किंवा एखादे कडधान्य घ्यावे. खरिपातील इतर पिके निघाल्यावरही शेतात उभी राहणारी तूर या दृष्टीने विशेष सोयीची आहे.