कळशीभर पाणी

ज्या धर्मात जन्म झाला तो सोडून दुसऱ्या धर्माचा अंगीकार करावा किंवा काय, या विवंचनेत पडलेली तरुण मंडळी अधूनमधून माझ्या घरी येतात, आणि हा मनुष्य या वाटेने पूर्वी गेलेला असल्यामुळे वाटेवरचे खाचखळगे त्याला ठाऊक असतील, अशा भरवशाने बराच वेळ बसून बोलतात. कोणता धर्म खरा, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु धर्म बदलताना माणसाच्या हातून काय काय चुकते, हे मात्र मी स्वानुभवाने सांगू शकतो. कारण त्यांतील बहुतेक चुका मी केल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीची भरपाई आता या जन्मी होण्यासारखी नाही.

माझा जन्म १९३० साली वाईस, एका वैदिक भिक्षुकाच्या घरी झाला. ज्या वाईत प्राज्ञपाठशाळेमध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे विद्वान धर्मशास्त्राचा नव्या दृष्टीने विचार करीत होते, त्याच वाईत आमचा वाडा होता; पण त्या विचाराचा वारा आमच्या माजघरापर्यंत कधी आला नाही. पहाटे कृष्णेचे स्नान, आठव्या वर्षी मुंज झाल्यापासून न चुकता संध्या, जेवणापूर्वी चित्राहुती, आणि दिवसभर सोवळ्याओवळ्याचा अखंड हिशेब, असा आमचा क्रम असे. तापाने फणफणलेल्या मुलालाही संध्येची सूट नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, क्रूर नव्हते. आपल्या हातून काही राहून गेले तर त्याचे पाप पूर्वजांना लागेल, या धास्तीने ते स्वतः रात्री-अपरात्री दचकून उठत. आणि जी भीती त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली होती, तीच त्यांनी संस्कार समजून आमच्या ओंजळीत घातली.

मी बारा वर्षांचा असतानाची गोष्ट. एके दिवशी शाळेतून परत आलो तो माझी विधवा आत्या, जिचे केशवपन होऊन तीस वर्षे लोटली होती, माजघरात तापाने निपचित पडलेली होती. अण्णा घाटावर गेलेले, आई चार दिवसांची बाहेर बसलेली, आणि मी शाळेच्या कपड्यांत, म्हणजे ओवळा. आत्याने डोळे उघडले आणि ‘पाणी’ एवढेच म्हटले. मी पाण्याच्या घागरीकडे वळलो, तोच तिने मोठ्या कष्टाने हात उचलून मला थांबविले आणि म्हणाली, ‘शिवू नकोस रे, अण्णा येऊ दे.’ अण्णा अर्ध्या तासाने आले. तोपर्यंत भरलेली घागर, तहानेने व्याकूळ झालेली बाई आणि धडधाकट मुलगा, अशी तिघेही एकाच खोलीत तशीच राहिली. आत्या त्या दुखण्यातून बरी झाली आणि पुढे कित्येक वर्षे जगली. पण माझ्या मनातून त्या घराचा धर्म त्या अर्ध्या तासात उठला, तो कायमचा.

पुढे मी मुंबईस एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो, जानवे खुंटीला टांगले, आणि काही वर्षे कोणत्याच धर्माचा नसल्यासारखा राहिलो. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा दादरच्या समुद्रकिनाऱ्याकडे जात असता मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, १४ ऑक्टोबरला, नागपुरास लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आणि त्या संध्याकाळी त्यांच्या पार्थिवाच्या साक्षीने भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या समुदायाला दीक्षा दिली. एवढे दुःख आणि एवढा निर्धार एकाच वेळी एकाच चेहऱ्यावर मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. या लोकांना हे बळ कोठून मिळाले, या जिज्ञासेने मी धर्मानंद कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ वाचावयास घेतले, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे मला घरी कधी मिळाली नव्हती, ते प्रश्न विचारणे हाच जेथे साधनेचा आरंभ मानला जातो, असा एक मार्ग मला दिसला. १९५९ च्या वैशाखी पौर्णिमेस मी त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले.

माझ्यासारख्याने हा धम्म स्वीकारणे आणि ज्यांना शतकानुशतके पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्यांनी तो स्वीकारणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे मला दीक्षेनंतर आठवडाभरातच कळले. कचेरीतील एका स्नेह्याने मला नायगावच्या बी. डी. डी. चाळीतील आपल्या खोलीवर बोलाविले. त्याच्या वृद्ध आईने पाण्याचा पेला पुढे केला, आणि तो घेण्यासाठी निघालेला माझा हात वाटेत क्षणभर थबकला. माझ्या मनात तेव्हा कोणताही विटाळ नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. परंतु हात मनाला विचारून थबकला नव्हता. त्या माउलीच्या ते ध्यानात आले. ‘सवय हाय, लेकरा. जाईल हळूहळू,’ असे म्हणून तिने पेला तसाच पुढे धरून ठेवला, आणि मी तो प्यालो. मत एका दिवसात पालटते. अंगवळणी पडलेले पालटावयास वर्षे लागतात, हा पहिला धडा मला तिने दिला.

हा धडा मी नीट घेतला असता तर पुढचा प्रसंग टळला असता. १९६१ च्या दिवाळीत मी वाईस गेलो. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते; आई मात्र काही घडलेच नाही अशा रीतीने वागत होती. तिचे गुडघे धरले होते आणि घाटाच्या पायऱ्या उतरणे तिला अशक्य झाले होते. सकाळी ती कळशी घेऊन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, ‘पूजेला कृष्णेचे पाणी तेवढे आणून देतोस का रे?’ मी उत्तर दिले की, मी मूर्तिपूजा सोडली आहे आणि अशा पूजेला साह्य करणे माझ्या तत्त्वात बसत नाही. त्या क्षणी मला स्वतःविषयी समाधान वाटले, हे लिहिताना आज माझा हात जड होतो. आई काही बोलली नाही. शेजारची एक मुलगी कळशी भरून घेऊन आली. पुढच्या श्रावणात आई गेली.

तिच्या मृत्यूनंतर कित्येक महिन्यांनी, कोणतेही निमित्त नसताना, मला एकाएकी तो आत्याचा अर्धा तास आठवला आणि मी जागच्या जागी बसलो. तेथे शुद्धतेच्या नावाखाली एका आजारी बाईला पाणी मिळाले नव्हते. येथे तत्त्वाच्या नावाखाली दुसऱ्या आजारी बाईला मी ते नाकारले होते. मी घर सोडले, जानवे सोडले, देव सोडले. परंतु अण्णांची धास्ती, काही चुकले तर आपण भ्रष्ट होऊ ही धास्ती, मी पदरात बांधून बरोबर आणली होती आणि तिला नव्या धर्माचे वस्त्र नेसविले होते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत आईला पाणी आणून देऊ नये अशी एकही प्रतिज्ञा नाही. उलट प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. आणि सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी आईबाप हीच पूर्व दिशा होय आणि त्यांची सेवा हेच त्या दिशेचे पूजन होय, असे सांगितले आहे. हे सर्व मी वाचलेले होते. वाचलेले आचरणात उतरण्यापूर्वीच मी इतरांचे परीक्षण करू लागलो होतो.

आता येणाऱ्यांना मी जे सांगतो ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट, घाई करू नये. मज्झिम निकायात उपाली नावाच्या नालंदेच्या गृहस्थाची कथा आहे. हा निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा, श्रावक. बुद्धांशी वाद करावयास आला आणि त्यांचाच उपासक होण्यास सिद्ध झाला, तेव्हा बुद्धांनी त्याला प्रथम नीट विचार करण्यास सांगितले; आणि तुझे घर आजवर निगंठांना भिक्षेचा आधार होते, तेव्हा ते दारी आले असता त्यांना भिक्षा देत जा, असेही बजाविले. नवा गुरू जुन्या गुरूची भिक्षा बंद होऊ देत नाही, ही त्या गुरूची कसोटी समजावी. जो कोणी तुम्हांला आजच्या आज निर्णय घ्या, घरच्यांना कळवू नका, जुन्या माणसांशी संबंध तोडा, असे सांगतो, तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच्यापासून दूर राहावे. तुम्ही ज्या घरातून बाहेर पडलात त्याच प्रकारचे घर तो तुमच्यासाठी बांधीत आहे.

दुसरी गोष्ट, आपल्या निर्णयात दुसऱ्याला ओढू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेला वियोग लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवला आहे; पुढे त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी. मी मात्र दीक्षेची वार्ता माझ्या पत्नीला दीक्षा घेऊन आल्यावर दिली, आणि तिच्या माहेरचा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा तिला न विचारता ट्रंकेत ठेवून दिली. आई गेल्यानंतर मी स्वतः ती ट्रंक उघडली. आज आमच्या घरात एका भिंतीशी तिचा देव्हारा आहे आणि दुसऱ्या भिंतीशी बुद्धमूर्ती, आणि दोहोंपुढे संध्याकाळी दिवा तीच लावते. मुलांच्या बाबतीत तर अधिक जपावे. बुद्धांचा पुत्र राहुल याला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा बुद्धांचे वडील शुद्धोदन राजे यांनी दुःखाने तक्रार केली, आणि आईबापांच्या अनुज्ञेवाचून कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम बुद्धांनी त्यावरून घालून दिला. मुलांना आपला मार्ग दाखवावा. त्यांच्या वतीने चालू नये.

तिसरी गोष्ट व्यवहाराची आहे, आणि श्रद्धेच्या भरात तिच्याकडे हटकून दुर्लक्ष होते. धर्म बदलल्यामुळे वाड्यातला तुझा हिस्सा गेला, असे भाऊबंदांपैकी एकाने मला सांगितले, आणि मी संतापाच्या भरात हक्कसोडपत्रावर सही करून मोकळा झालो. वास्तविक १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, त्यामुळे माझा हक्क तसूभरही कमी झाला नव्हता. जो ख्रिस्ती किंवा मुसलमान होतो त्याचाही स्वतःचा वारसाहक्क १८५० च्या एकविसाव्या कायद्याने राखलेला आहे. मात्र धर्मांतरानंतर जन्मलेली त्याची मुले वारसा खुला होण्याच्या वेळी हिंदू नसतील तर हिंदू नातलगांच्या मिळकतीत त्यांना वारसा पोचत नाही. अनुसूचित जातींच्या सवलती १९५० च्या आदेशाने धर्माशी जोडलेल्या आहेत, आणि बौद्धांना त्या १९९० मध्ये मिळाल्या. तेव्हा दाखले, नावाची राजपत्रातील नोंद, मिळकतीचे दस्तऐवज यांची व्यवस्था शांतपणे आणि जाणत्या वकिलाच्या सल्ल्याने करावी. रागाच्या भरात कोणत्याही कागदावर सही करू नये.

चौथी आणि शेवटची गोष्ट, मागे राहिलेल्यांचा न्याय करण्याची घाई करू नये. त्यांच्याविषयी आपल्याला सर्व काही ठाऊक नसते. मनुस्मृतीत पतितासाठी एक विधी सांगितला आहे: आप्तांनी जमून, तो मेला असे समजून, दासीकडून पाण्याने भरलेला घट पायाने लवंडवावा, आणि तेथून पुढे त्याच्याशी बोलणे-बसणे बंद करावे. आमच्या भाऊबंदांनी माझ्यासाठी हा विधी करण्याचा आग्रह अण्णांना धरला होता. ज्यांनी उभ्या आयुष्यात शास्त्राची एक रेघ ओलांडली नाही, त्या अण्णांनी तो करण्याचे साफ नाकारले. मला ते त्यांच्या पश्चात कळले. शास्त्रात सांगितलेला घट त्यांनी माझ्यासाठी लवंडू दिला नाही. आणि ज्या कळशीवर कोणत्याही शास्त्राचे बंधन नव्हते, ती मी आईसाठी भरली नाही.

बुद्धाच्या मार्गावर आलो याचा मला पश्चात्ताप नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत योग्य निर्णय होता. पण जे आज या उंबरठ्यावर उभे आहेत आणि ज्यांची आई अजून हयात आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: ती जे मागेल ते पाणी, ती ज्या देवासाठी मागेल त्या देवासाठी, तिला आधी आणून द्या. धर्माची चर्चा मागाहून करता येते.