औषध दोघांनी घ्यायचं

प्रश्न : मी 22 वर्षांची, अविवाहित. रेवसला राहते, नोकरीसाठी अलिबागला जाते. एका मुलाशी वर्षभर संबंध आहेत. महिन्यापासून अंगावरून पिवळट, वास येणारं जातं, ओटीपोटात दुखतं. मेडिकलवाला बाबांच्या ओळखीचा, म्हणून मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेतल्या. निरोध वापर म्हटलं, तर तो म्हणतो, ‘तुला बरं सगळं माहीत!’ मित्रांत मात्र स्वतः फुशारक्या मारतो. माझंच चुकलं का?

उत्तर : निरोध मागण्यात तुमचं काहीच चुकलं नाही. आधी तपासणी करून घ्या. ही जंतुसंसर्गाची लक्षणं असू शकतात. दुखणं अंगावर काढलं तर संसर्ग गर्भनलिकांपर्यंत पोचू शकतो आणि पुढे दिवस राहायला अडचण येऊ शकते. अर्धवट गोळ्यांनी त्रास दबतो, रोग जातोच असं नाही. ताप आला, पोटदुखी वाढली किंवा पाळी चुकली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जा. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये या आजारांची तपासणी आणि औषधं मोफत असतात, एचआयव्हीची तपासणीही करून घ्या, तिचा निकाल गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. केसपेपर काढताना लग्नाचं विचारतील. संकोच नको, डॉक्टरांना संबंध आले का, एवढंच कळायला हवं.

आता त्याच्याबद्दल. त्याला त्रास नाही म्हणजे संसर्ग नाही, असं नसतं. क्लॅमिडियासारखा रोग पुष्कळदा काहीच लक्षणं दाखवत नाही. उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचे, ते पूर्ण होईपर्यंत संबंध बंद. नाहीतर तुम्ही बऱ्या व्हाल आणि पुन्हा तोच संसर्ग घ्याल. तो ‘मर्द’ आणि तुम्ही ‘चालू’, या मापामुळे मुलगी गप्प बसते, मुलगा तपासणी टाळतो आणि आजार दोघांतच फिरत राहतो.

प्रश्न : माझ्या 19 वर्षांच्या भाचीला दिवस गेलेत. मुलगा मोकळा फिरतोय, हिला घरात कोंडलंय. कुणी गावठी औषध सुचवतं. नवऱ्याची सही नसेल तर दवाखान्यात करतात का? असलं विचारणं वाईट नाही ना?

उत्तर : गावठी औषध मुळीच देऊ नका, रक्तस्राव आणि जंतुदोषानं जीव जाऊ शकतो. 1971च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान मुलीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, आईबापांची सही लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. 2021च्या दुरुस्तीत ‘नवरा’ऐवजी ‘जोडीदार’ शब्द आला. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याच्या कारणावरून 20 आठवड्यांपर्यंत अविवाहितेलाही एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो. 20 ते 24 आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहितांना वगळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 रोजी दिला. मात्र निर्णय तिचा. तिला आधी विचारा.

आणि विचारणं वाईट कसं? वाचकांच्या अशाच प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. तुम्ही बिनधास्त विचारा. पण भाचीला उद्याच डॉक्टरांकडे न्या. जितके आठवडे कमी, तितका धोका कमी.