बोर्ड मोडलं, पण घर राहिलं

आपल्या गावांतली किती तरी माणसं पोटासाठी मुंबईला गेली. कोणी गिरणीत लागलं, कोणी गोदीत. काम मिळालं, पण राहायला जागा मिळेना. एका खोलीत दहा-दहा माणसं राहू लागली.

मग सरकारने १९४८ साली कायदा केला आणि ‘मुंबई गृहनिर्माण मंडळ’ काढलं. लोक त्याला ‘हौसिंग बोर्ड’ म्हणत. बोर्डाने चाळी बांधल्या आणि खोल्या भाड्याने दिल्या. विदर्भासाठी वेगळं मंडळ होतं. पुढे मुंबईतल्या जुन्या इमारती पडू लागल्या. त्यांच्या दुरुस्तीसाठी तिसरं मंडळ झालं. झोपडपट्टीत पाणी, दिवे, संडास यांची सोय करायला चौथं मंडळ झालं.

एक काम आणि चार चुली! म्हणून सरकारने १९७६ साली नवा कायदा केला. ५ डिसेंबर १९७७ रोजी एकच मोठी संस्था उभी राहिली. तिचं नाव ‘महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण’. नाव लांब आहे, म्हणून सगळे ‘म्हाडा’ म्हणतात. जुनी मंडळं मोडली आणि त्यांचं काम म्हाडाकडे आलं.

आता विचार करा. एखादा कामगार बोर्डाच्या खोलीत राहत होता. त्याने ऐकलं, “बोर्ड मोडलं.” त्याच्या छातीत धस्स झालं असेल. “आता माझी खोली कोणाची? भाडं कोणाला देऊ? मला बाहेर काढतील का?”

भिण्याचं कारण नव्हतं. बाप गेला की त्याचं शेत मुलाकडे येतं. शेतावरचं कर्जही येतं. इथेही तसंच झालं. बोर्डाची घरं आणि जमिनी म्हाडाकडे आल्या. बोर्डाचं देणं म्हाडाकडे आलं. बोर्डाने केलेले करार आणि कोर्टातले दावेही म्हाडाकडे आले. भाडेकरू भाडेकरूच राहिला. फक्त धनी बदलला.

पण दुसरी बाजूही नीट समजून घ्या. बोर्ड गेलं म्हणून थकलेलं भाडं माफ झालं नाही. येणं बुडत नाही, तसं देणंही बुडत नाही.

गावातही असं घडलं आहे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जुनी लोकल बोर्डं गेली. पण त्यांचे रस्ते गेले नाहीत. ते जिल्हा परिषदेने सांभाळले.

कचेरीची पाटी बदलली, तर तुम्ही काय कराल? तीन गोष्टी करा.

१. जुनी पावती फाडू नका. तुमचा हक्क तीच सांगते.
२. नव्या कचेरीत जाऊन विचारा, “आमचं नाव नव्या वहीत चढलं का?”
३. पैसे भरले की पावती घ्या. तिच्यावरचं नाव, रक्कम आणि तारीख स्वतः वाचा.

कोणी म्हणेल, “जुनी कचेरी गेली, तुमचा हक्कही गेला. मला पैसे द्या, मी काम करून देतो.” त्याला सांगा, “आधी सरकारी कागद दाखव. मला वाचता येतं.”

सांगा पाहू :
१. म्हाडा कोणत्या साली सुरू झाली?
२. बोर्डाचं देणं कोणाकडे गेलं?
३. तुमच्या घरात कोणकोणत्या पावत्या आहेत? आज त्या काढून वाचा.