पंपसंचाची नोंदवही ठेवा, बिघाड आधीच ओळखा

बैलाने वैरणीला तोंड लावले नाही की घरातल्या पोरालाही ते कळते. विहिरीवरचा पंप मात्र पाणी फेकतो आहे तोवर ठणठणीत समजला जातो. मग कांदा पोसण्याच्या ऐन वेळी मोटार जळते, आणि रिवाइंडिंगमध्ये चार-आठ दिवस गेले की पिकाचे व्हायचे ते नुकसान होऊन जाते. सिंगल फेजिंगसारखे अपघात सोडल्यास मोटार बहुधा एकाएकी जळत नाही. त्याआधी कितीतरी दिवस पाणी कमी होत असते किंवा अँपिअर बदलत असतात.

यासाठी दर पंधरा दिवसांनी एका वहीत तारीख, विहिरीतील पाण्याची पातळी, व्होल्टेज, तिन्ही फेजचे अँपिअर आणि पाण्याचा विसर्ग यांची नोंद करावी. विसर्ग मोजण्यास २०० लिटरचे पिंप व सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरेसे आहे. पिंप २५ सेकंदांत भरले तर विसर्ग सेकंदाला ८ लिटर झाला. पुढे त्याच पिंपाला ३२ सेकंद लागू लागले, तर तो सव्वासहा लिटरवर आला असे समजावे. म्हणजे पूर्वी आठ तासांत भिजणाऱ्या रानाला आता सव्वादहा तास लागणार. मोजणी दर वेळी त्याच ठिकाणी व व्हॉल्व्ह तितकाच उघडा ठेवून करावी. शेजाऱ्याच्या पंपाशी तुलना करू नये. पंप नवा बसविल्यावर किंवा दुरुस्तीनंतर घेतलेली पहिली नोंद हेच आपले माप.

पाणी आणि अँपिअर दोन्ही कमी झाले असतील तर प्रथम विहिरीची पातळी पाहावी. ती पूर्वीइतकीच असेल तर फुटव्हॉल्व्हची जाळी तुंबली आहे, सक्शन पाइप सांध्यातून हवा ओढतो आहे किंवा इंपेलर झिजला आहे, असा संशय घ्यावा. पाणी कमी पण अँपिअर तेवढेच किंवा जास्त, असे दिसले तर पाइपची गळती, बेअरिंग आणि इंपेलरचे घासणे तपासावे. व्होल्टेज उतरले तरी अँपिअर वाढतात, म्हणून त्याची नोंद सोडू नये. ग्लँड-पॅकिंग असलेल्या पंपात तेथून थेंब थेंब पाणी पडत राहिले पाहिजे. ते थांबविण्यासाठी ग्लँड आवळून टाकली की शाफ्ट तापतो व झिजतो.

अनेक स्टार्टरवरचा अँमीटर एकाच फेजचे अँपिअर दाखवितो. म्हणून वायरमनकडून टाँग टेस्टरने तिन्ही फेज मोजून घ्यावेत. समजा, ७.०, ७.२ आणि ८.० अँपिअर आले. सरासरी ७.४, सर्वांत मोठा फरक ०.६, म्हणजे सुमारे ८ टक्के. फरक ५ टक्क्यांहून जास्त असेल तर कारण शोधावे. १० टक्क्यांच्या पुढे गेल्यास मोटार चालवू नये.

दोष लाइनमध्ये की मोटारीत, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. मेन स्विच बंद करून वायरमनने स्टार्टरमधून मोटारीकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवून जोडाव्यात. तिन्ही सरकविल्यामुळे मोटारीची फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा मोजल्यावर जास्तीचे अँपिअर स्टार्टरच्या त्याच घरात राहिले तर दोष वीजपुरवठ्यात किंवा स्टार्टरमध्ये आहे. वायरीबरोबर तेही सरकले तर केबल किंवा मोटार तपासावी. एवढ्या परीक्षेने पंप विनाकारण विहिरीतून वर काढण्याची मेहनत व मजुरी वाचते.

ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून त्याचा काटा पुढे सरकविणे किंवा तो बगल देऊन मोटार चालविणे हे प्रकार सर्रास दिसतात. मोटार जळण्याचा हा सर्वांत जवळचा रस्ता आहे. रिले मोटारीच्या पाटीवरील अँपिअरप्रमाणेच लावावा आणि तो पडला की त्या दिवशीची नोंद वहीत करावी. वही स्टार्टरच्या पेटीजवळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगून ठेवावी. मिस्त्री आला की आधी तीच त्याच्या हाती द्यावी.