रस्ता पायी चालणाऱ्याचा : तळेगाव दाभाडेच्या निमित्ताने

मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे हे गाव दोन भागांत वसलेले आहे. दाभाडे सरदारांच्या काळापासून नांदत आलेला जुना गावभाग हा एक, आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाल्यानंतर स्थानकाच्या आश्रयाने वाढलेला स्टेशन विभाग हा दुसरा. या दोन भागांना जोडणारे रस्ते मुळात पायी चालणाऱ्यांचे होते. १९७८ मध्ये पुणे–लोणावळा लोकलगाडी सुरू झाली, पुढे चाकण व तळेगाव परिसरात औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली आणि गावाचे स्वरूप झपाट्याने पालटले. रस्त्यांची लांबी-रुंदी वाढली, डांबराच्या जागी काँक्रीट आले. परंतु पहाटेची लोकल गाठण्यासाठी निघालेला नोकरदार, कंपनीच्या बसची वाट पाहणारा कामगार, शाळेत जाणारी मुले आणि सायंकाळी देवदर्शनास निघालेली वृद्ध मंडळी आजही पायीच चालतात. त्यांच्यासाठी रस्त्याचा कोणता भाग राखून ठेवलेला आहे, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण कोणत्याही वाहनात नव्हता.

रुंदीचे गणित

तळेगावच्या स्टेशन भागातून इंदोरीमार्गे चाकणकडे जाणारा रस्ता हा आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५४८ डी चा भाग आहे. अवजड वाहनांची अखंड रीघ असलेल्या या रस्त्याने आजवर अनेकांचे बळी घेतले असून त्याच्या रुंदीकरणासाठी स्थानिक नागरिकांनी वेळोवेळी आंदोलनेही केली आहेत. मागणी रास्त आहे. तथापि रुंदीकरणाने वाहनांची कोंडी सुटली तरी रस्ता ओलांडणाऱ्याचे संकट आपोआप सुटत नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

साधा हिशेब करून पाहावा. वृद्ध माणूस सेकंदाला सुमारे ०.८ मीटर चालतो असे धरले, तर ७ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास त्याला ९ सेकंद लागतात. रस्ता १४ मीटरचा झाला की तेच काम १७ ते १८ सेकंदांचे होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक तेवढ्या अवधीत जवळजवळ ३०० मीटर अंतर कापतो. म्हणजे जो ट्रक म्हाताऱ्याला निघताना दिसतही नव्हता, तोच त्याला मध्यावर गाठू शकतो. यावर उपाय अवघड नाही. रस्त्याच्या मधोमध दीड-दोन मीटर रुंदीचा, थांबण्याजोगा उंचवटा असला की ओलांडण्याचे काम दोन हप्त्यांत होते व प्रत्येक वेळी एकाच दिशेकडे पाहावे लागते. रुंदीकरणाची मागणी करणाऱ्या निवेदनात या थांब्याची ओळ घातली गेली पाहिजे. कारण काम पूर्ण झाल्यावर ती घालणे फार जड जाते.

वेगाचेही असेच आहे. चालकाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे मानले, तर ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत सुमारे २८ मीटर पुढे येते. ताशी ३० च्या वेगाने ती १३-१४ मीटरांतच थांबते. शाळेजवळच्या रस्त्यावर वेग ३० वर आणणे म्हणजे मुलाला निम्म्याहून अधिक अंतराचे अभय देणे होय. गतिरोधक हा त्याचा एकच मार्ग नव्हे. चौकातील वळणाचा कोपरा जरा काटकोनी केला, तर वाहनाला वळताना वेग कमी करावाच लागतो, आणि पादचाऱ्याचे ओलांडण्याचे अंतरही घटते.

पदपथ : असून नसल्यासारखा

भारतीय रस्ते काँग्रेसने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी, अडथळ्याविना वाट असावयास हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये. यातील ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कागदावर अडीच मीटर रुंद असलेल्या पदपथावर विजेची डीपी, जाहिरातीचा फलक, टपरी व उभी केलेली दुचाकी एवढे सामान आले की वाट उरते ती हातभर. उंची अधिक असेल तर गुडघेदुखीचा माणूस पदपथावर चढतच नाही. प्रत्येक बंगल्याच्या फाटकापाशी उतरून पुन्हा चढण्यापेक्षा तो रस्त्याच्या कडेने चालणे पसंत करतो. मग ‘लोक पदपथ वापरीत नाहीत’ असा शेरा मारला जातो! दोष लोकांचा नसून चढ-उताराचा आहे.

चांगल्या पदपथाचे तीन पट्टे कल्पावेत. रस्त्यालगतचा पट्टा झाडे, दिव्यांचे खांब व डीपी यांचा. मधला केवळ चालण्याचा. आणि दुकानांलगतचा, गिऱ्हाईक उभे राहण्यापुरता. ही विभागणी आधी ठरली की झाड चालणाऱ्याच्या आड येत नाही आणि चालणारा झाडाच्या मुळावर उठत नाही.

सावलीचा विचार

एप्रिलच्या उन्हात सावली नसलेला पदपथ ओसच राहणार. म्हणून वृक्ष हा रस्त्याच्या शोभेचा भाग न मानता त्याच्या रचनेचा भाग मानला पाहिजे. दख्खनच्या जुन्या मार्गांवर वडाची लागवड होत असे, ती वाटसरूंसाठी. महामार्गावरून तळेगावात शिरताना लागणाऱ्या लिंब फाट्याच्या नावातसुद्धा वृक्षच आहे.

शहरी रस्त्यांवर मात्र पुष्कळदा लवकर वाढणाऱ्या परदेशी झाडांची निवड होते. गुलमोहर दिसण्यास देखणा खरा; पण त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने मावळच्या पावसाळी वाऱ्यात फांद्या मोडून पडतात. त्यापेक्षा करंज, कडुनिंब, बकुळ ही झाडे सावकाश वाढली तरी टिकाऊ सावली देतात. विजेच्या तारांखाली बहावा किंवा कांचन यांसारखी आटोपशीर झाडे योग्य ठरतात. अन्यथा दरवर्षी छाटणीच्या नावाखाली झाडाचा शेंडा खुडला जातो. वड-पिंपळ मैदानाच्या कडेला किंवा मोठ्या चौकात लावावेत.

लागवडीचा सोहळा जून-जुलैत होतो, रोप मरते ते पुढल्या एप्रिल-मेमध्ये. एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा, त्यात माती व कुजलेले शेणखत, पुरुषभर उंचीचे रोप आणि पहिली दोन-तीन उन्हाळी वर्षे पाणी, एवढे जमणार नसेल तर लावलेल्या झाडांची संख्या सांगण्यात अर्थ नाही. याहून दुःखद प्रकार म्हणजे वाढलेल्या झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट भिडविणे. मुळांना पाणी व हवा मिळेनाशी होते आणि काही वर्षांनी निरोगी दिसणारे झाड वादळात उन्मळून पडते. दिल्लीतील झाडांसंबंधी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचा एक मीटरचा परीघ काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला होता. आपल्या गल्लीतही हेच माप लावून पाहावे.

महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा अधिनियम महानगरपालिकांप्रमाणे नगरपरिषदांनाही लागू आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असावे लागते आणि झाडांची गणना करावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण दिले आहे. आपल्या रस्त्यावर असे वृक्ष किती, याची यादी रहिवाशांपाशी असली तर रुंदीकरणाच्या वेळी चर्चा आधीच सुरू करता येते.

रहिवाशांचे काम

लहान वर्गणीतून मोठे काम उभे करणे तळेगावला नवीन नाही. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून चालविलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये येथे काच कारखाना उभा राहिला. आज पैशांची वर्गणी नसली तरी चालेल. वर्गणी हवी ती मोजमापाची.

एका गल्लीतील पाच-सहा जणांनी टेप, कागद व खडू घेऊन रविवारी सकाळी आपला रस्ता मोजावा. पदपथाची मोकळी रुंदी कोठे किती, उंची किती, कोणत्या ठिकाणी दिवा नाही, पाणी कोठे साचते, झाडाचा बुंधा कोठे आवळला गेला आहे, मुले रस्ता नेमकी कोठे ओलांडतात, हे नकाशावर टिपावे. सकाळी शाळेच्या वेळी व रात्री अंधार पडल्यावर हाच फेरा पुन्हा मारावा. दोन्ही वेळचे रस्ते निरनिराळे असतात. पाहणीत एखादी आजीबाई आणि एखादा चाकाच्या खुर्चीवरील रहिवासी असल्यास तरुणांना न दिसणाऱ्या अडचणी आपसूक पुढे येतात.

मग रस्त्याचा धनी कोण हे शोधावे. एकाच गावात एक रस्ता नगरपरिषदेचा, दुसरा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तर तिसरा राष्ट्रीय महामार्गाचा असतो. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज वर्षभर फिरत राहतो. मालकी, मंजूर आराखडा आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. दोषदायित्वाची मुदत संपण्यापूर्वी उखडलेला पदपथ ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो. मुदत संपल्यावर तोच खर्च करदात्यावर येतो.

तिसरी गोष्ट वेळेची. १ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षाचे अंदाजपत्रक हिवाळ्यातच आकार घेत असते. मे महिन्यात केलेली तक्रार कितीही खरी असली तरी तिच्यासाठी तरतूद नसते. पुणे महानगरपालिकेने २००६ मध्ये नागरिकांना आपल्या भागातील लहान कामे अंदाजपत्रकासाठी सुचविण्याची सोय केली, ती याच कारणाने. अशी वेगळी योजना नसलेल्या गावातही मोजमापासह केलेला अर्ज वेळेवर देण्यास कोणाची आडकाठी नाही.

विरोधाचेही उत्तर

असे बदल सर्वांना रुचतात असे नाही. औंध येथे २०१६ मध्ये रस्त्याच्या नव्या रचनेचा प्रयोग प्रथम तात्पुरत्या साधनांनी करण्यात आला आणि नंतर पक्के काम झाले. तेव्हा वाहने कोठे उभी करायची, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न होता. निगडी प्राधिकरणातील ‘हरित सेतू’च्या कामातही रस्ते अरुंद होतात अशी काही रहिवाशांची तक्रार होती. या तक्रारी खोट्या म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. रंगाचे पट्टे, पिंपे व कुंड्या मांडून काही दिवस नवी रचना वापरून पाहणे, आणि तेवढ्या काळात येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजणी करणे, हा वाद मिटविण्याचा स्वस्त मार्ग आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला ‘पादचारी दिन’ पाळण्यास प्रारंभ झाला. गजबजलेला बाजाररस्ता काही तास वाहनांविना कसा चालतो, हे त्यामुळे दुकानदारांना प्रत्यक्ष पाहता आले.

नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. डेल्फ्ट शहरातील रहिवासी गल्ल्यांत झाडे व बाके मांडून वाहनांना माणसाच्या चालीने चालावयास लावण्याचा प्रयोग झाला आणि १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्याची मान्यता मिळाली. आपल्या देशातही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथाचा वापर हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाखालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात या आदेशाचा उल्लेख करावा, दुसऱ्यात आपली मापे द्यावीत, आणि सोबत नकाशाची एक प्रत जोडून पोच घ्यावयास विसरू नये.