तांबूचं रोजचं खाणं किती, महिन्याचा खर्च किती?

गेल्या पावसाळ्यात आमच्या तांबूचं वजन 18 किलो भरलं. गावठी कुत्रा, वय सहा, नसबंदी झालेली. त्याच्या अंगकाठीला 15 किलो पुरे, असं डॉक्टर म्हणाले. घरात प्रत्येक जण त्याला थोडंच देत होता, पण देणारे आम्ही चौघे होतो. तेव्हा वही घेऊन हिशेब मांडला. तोच इथे देते.

आधी वजन. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकट्याने उभं राहा आणि वजाबाकी करा. वजन वाढलेलं असेल तर पुढचा हिशेब हव्या त्या वजनावर करायचा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वजनाचा घन करा, त्याचं वर्गमूळ दोनदा काढा आणि 70 ने गुणा. 15 चा घन 3375. दोनदा वर्गमूळ काढलं की 7.62, गुणिले 70 म्हणजे 533. इतक्या कॅलरी नुसतं पडून राहायला लागतात. नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी याची 1.6 पट करा: साधारण 850. दिवसभर घरात बसणाऱ्याला 1.2 ते 1.4 पट पुरतं. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला मात्र तिप्पट लागते, तिथे हात आखडता घेऊ नका.

आता पिशवी. त्यावर कॅलरी छापलेल्या असतील तर उत्तम. नसतील तर प्रथिनं, चरबी, तंतू आणि ओलावा यांचे टक्के बघा. राख लिहिली नसेल तर 8 टक्के धरा. या सगळ्यांची बेरीज 100 मधून वजा केली की उरतात ती कर्बोदकं. प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी गुणिले 3.5, चरबी गुणिले 8.5, बेरीज म्हणजे 100 ग्रॅममधल्या कॅलरी. 20 टक्के प्रथिनं आणि 10 टक्के चरबी असलेलं साधं खाणं असं 320 च्या आसपास येतं, जास्त चरबीचं 360 पर्यंत जातं. दुकानात सुटं मिळणारं घेऊ नका; त्याला ना आकडे, ना मुदत.

किमतीची तुलना किलोवर करू नका, दिवसावर करा. समजा साधं खाणं 230 रुपये किलो आहे. तांबूला 850 कॅलरींसाठी ते 267 ग्रॅम लागेल: महिन्याला 8 किलो, म्हणजे 1,840 रुपये. 400 रुपये किलोचं 360 कॅलरीवालं घेतलं तर 237 ग्रॅम पुरेल, खर्च 2,840. किलोमागे पाऊणपट महाग दिसणारं खाणं महिन्याच्या हिशेबात दीडपटीच्या थोडंच वर जातं. किमती आपल्या दुकानातल्या घाला, रीत तीच राहील.

मापासाठी वाटी वापरू नका. 300-400 रुपयांत स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा मिळतो. रोज 50 ग्रॅम जास्त पडलं तर महिन्याला दीड किलो जातं, म्हणजे 345 रुपये. काट्याचे पैसे जवळपास एका महिन्यात वसूल होतात.

आमचं खरं गणित चुकत होतं ते वरच्या खाण्यात. आई सकाळ-संध्याकाळ एकेक पोळी द्यायची, म्हणजे 200 कॅलरी. मुलं चार ग्लुकोज बिस्किटं द्यायची, ती साधारण 100. भांडं भरलेलं असतानाच या 300 कॅलरी वर जात होत्या. वरचा खाऊ दिवसाच्या दहा टक्क्यांत बसवायचा असतो. तांबूच्या बाबतीत 85 कॅलरी, म्हणजे जेमतेम एक छोटी पोळी. आणि जी पोळी द्याल तिच्या बदल्यात तितकं खाणं भांड्यातून काढा. आईला पोळी बंद करायला सांगणं मला जमलं नसतं, ते योग्यही नव्हतं. आम्ही एक पोळी तिच्या हातची ठेवली आणि बिस्किटं थांबवली.

घरचं चिकन-भात घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बिनहाडाच्या मांसात आणि भातात कॅल्शियम फारच कमी असतं. शिजवलेली हाडं तर द्यायचीच नाहीत, ती आतड्यात टोचतात. म्हणून पूरक काय आणि किती घालायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट यांतलं काहीही नको.

मांजराचं गणित लहान, पण नाजूक. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या मांजराला 1.2 पट, म्हणजे 240 कॅलरी लागतात. कोरडं खाणं साधारण 65 ग्रॅम. 400 रुपये किलोने महिन्याला 780 रुपये. अर्धी वाटी म्हशीचं दूध म्हणजे 70-75 कॅलरी, दिवसाच्या पाव हिश्श्याहून जास्त. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. कुत्र्याचं खाणं मांजराला चालवू नका, मांजराला लागणारं टॉरिन त्यात पुरेसं असेलच असं नाही. आणि मांजर बारीक करायला उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं.

हा सगळा हिशेब सुरुवातीपुरता. दर पंधरवड्याला वजन करा आणि बरगड्यांवरून हात फिरवा. दाबावं न लागता बरगड्या हाताला लागल्या आणि वरून पाहताना कंबर दिसली तर माप बरोबर आहे. नाहीतर दहा टक्के कमी-जास्त करा.

2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 48 लॅब्राडॉरांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं आयुष्यभर दिलं होतं. जास्त खाणाऱ्यांतली निम्मी कुत्री 11.2 वर्षांपर्यंत गेली. कमी खाणाऱ्यांत तो आकडा 13 होता.