साठीनंतरचं स्टिअरिंग

१. रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे दरवर्षी जास्तच डोळ्यांत घुसतात, याचं खापर मी एलईडीवाल्यांवर फोडत होतो. निघाला मोतीबिंदू. धुरकटलेलं भिंग उजेड विखुरतं. शिवाय वयानुसार बाहुलीही आक्रसते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानानं जेमतेम तिसरा हिस्सा उजेड पोहोचतो. एलईडीवाल्यांना मात्र मी अजून माफ केलेलं नाही.

२. चष्म्याचा नंबर म्हणजे नजर नव्हे. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये विचारतात, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का? माझा एक मित्र ती खडाखडा वाचतो. पण काचबिंदूनं त्याची कडेची नजर नेली आहे, त्यामुळे डावीकडून घुसणारी स्कूटर त्याच्या जगात नसतेच. तिथे काळा डाग दिसतो म्हणावं, तर तेही नाही. मेंदू रिकामी जागा परस्पर भरून टाकतो. काही हरवलंय, हे कळायचं कुणाला?

३. मधुमेहात शत्रू कोण, तर वाढलेली साखर, हे इतकं घोकलं होतं की गाडीत खरी भीती उतरलेल्या साखरेची, हे डॉक्टरांकडून ऐकताना हसूच आलं. इन्शुलिन किंवा काही गोळ्या चालू असल्या की ती अचानक उतरते. घाम, थरथर हे इशारेही जुन्या मधुमेहात बोथट होतात. आता निघताना तपासतो. ९०च्या खाली असेल तर आधी खाणं. वाटेत उतरलीच तर गाडी बाजूला घ्यायची, गोड खायचं, आणि साखर जागेवर आल्यावरही पाऊण तास थांबायचं, कारण मेंदू उशिरा भानावर येतो. त्या पाऊण तासात गाडीतले बाकीचे मला जे ऐकवतात, ते कुठल्याच फॉर्मात नाही.

४. घोरणं हा संसारातला विनोद नाही. झोपेत श्वास अडकत असेल तर दिवसा स्टिअरिंगवर डुलकी येते. सर्दीच्या साध्या गोळीनंही येते.

५. म्हातारे चालवतात कमी, म्हणून एकूण अपघातही कमी करतात. पण तोच धक्का तरुणाला मुका मार देतो, आमच्या बरगड्या मोडतो. पंचावन्ननंतर लायसन्स पाचच वर्षांचं मिळतं, याचा पूर्वी राग यायचा, आता पटतं. आमची चूक बहुधा चौकात होते, उजवीकडे वळताना: समोरच्याचा वेग जोखायचा, मान वळवायची, पायी चालणारे पाहायचे, सगळं एकदम. म्हणून सिग्नल नसलेल्या चौकात मी हल्ली सरळ पुढे जातो आणि तीनदा डावीकडे वळून हव्या त्या रस्त्याला लागतो. बायकोला वाटतं, मी रस्ता विसरायला लागलोय.